वरच्या बाथरूममधली मुलाखत

घराची मोडतोड सुरू झाली की त्या घरात खाजगी असं काही उरत नाही. दारं पॉलिशला गेलेली असतात, खिडक्यांच्या चौकटी नुसत्या आ वासून उभ्या असतात, आणि कोण कुठे शिंकलं ते सगळ्या घराला कळतं. नेमक्या अशाच एका दुमजली घरात कंत्राटदाराला चोरून फोनवर बोलायचं होतं.

चोरून म्हणजे तसलं काही नव्हे. तसलं असतं तर निदान मित्रांना सांगायला तरी गंमत आली असती. हा बापडा नोकरी शोधत होता. चाळिशी ओलांडलेला, गवंडी-सुतार-रंगाऱ्यांना दिवसभर हाका मारून आवाज बसलेला माणूस. गाडीच्या दारावर आडनाव आणि त्यापुढे 'बंधू' असं मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलेला. आणि तो एका बांधकाम कंपनीत साइट मॅनेजरच्या जागेसाठी फोनवर मुलाखती देत होता.

कंपनीच्या बाई बोलायला गोड होत्या, पण त्यांच्या वेळा जीवघेण्या होत्या. पहिला फोन आला तेव्हा कंत्राटदार शिडीवर होता.

"आत्ता बोलू शकता का?" बाईंनी विचारलं.

"हो, हो. ऑफिसातच आहे," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी खाली फरशी कापायचं कटर किंचाळलं.

"काही चाललंय का तिथे?"

"ऑफिसचं काम चाललंय," तो म्हणाला. म्हटलं तर खोटं नव्हतं.

मग तो शहाणा झाला. फोन आला की गाडीत जाऊन बसायचा, काचा लावून. उन्हात तापलेल्या गाडीत घाम पुसत तो स्वतःच्या 'नेतृत्वगुणां'विषयी बोलत असायचा आणि गवंडी बाहेरून काचेवर टकटक करून विचारायचा, सिमेंट संपलं, आता काय करू? एकदा तो जिन्यात उभा राहून बोलला, तर घराच्या मालकीणबाई वरून उतरताना दोन पायऱ्यांवर थांबल्या आणि निवांत ऐकत राहिल्या. त्याने तिथल्या तिथे मुलाखतीतल्या बाईंना पांढऱ्या रंगाचा भाव सांगायला सुरुवात केली. बाई गोंधळल्या, मालकीणबाई मात्र समाधानाने खाली गेल्या. दिवसभर या थापा मारून त्याच्या नाकी नऊ यायचे. संध्याकाळी घरी गेला की कुणाला काय सांगितलं होतं तेही आठवायचं नाही.

त्यातली सगळ्यात जड थाप दादासाठी होती.

दादा म्हणजे त्याचा सख्खा मोठा भाऊ. टाइल मिस्त्री. वडील गेले तेव्हा दादाने शाळा सोडून डोक्यावर घमेलं घेतलं आणि धाकट्याला डिप्लोमापर्यंत शिकवलं. निकाल लागला त्या दिवशी चार लोकांसमोर दादा म्हणाला होता, "चला, माझ्या कामाला साहेब मिळाला!" तेव्हापासून तो धाकट्याला साहेबच म्हणायचा. त्यात चेष्टा होती आणि छातीही फुगलेली होती. धंद्यात वाटणी सरळ होती. धाकट्याने गिऱ्हाइकांशी बोलायचं, काम आणायचं, नकाशे बघायचे, आणि दादाने फरशी बसवायची. दादाला परक्या माणसाशी दोन वाक्यं धड बोलता यायची नाहीत. धाकटा नोकरीवर गेला की या वयात दादाला पुन्हा कुणाच्या तरी दारात उभं राहून काम मागावं लागणार होतं. हे धाकट्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ते सांगायला त्याची जीभ उचलत नव्हती.

"भावजींना सांगितलं का?" बायको रोज विचारायची. तिला दर महिन्याला ठरल्या दिवशी येणारा पगार हवा होता आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

"आधी नोकरी मिळू तर दे," तो म्हणायचा.

साइटवर फोन वाजला की दादाला तो सांगायचा, टाइलच्या दुकानातून आहे. दादा डोक्याला बांधलेलं चौकड्यांचं फडकं सैल करत हसायचा. "या दुकानदाराला तुझ्याशी बोलल्याशिवाय घास गोड लागत नाही वाटतं, साहेब!"

दुसरी मुलाखत जरा मोठी होणार, शांत जागी बसा, असं बाईंनी आधीच बजावलं होतं. आता शांत जागा आणायची कुठून? त्या अख्ख्या घरात दार शिल्लक असलेली एकच खोली होती, वरच्या मजल्यावरचं बाथरूम. रेंजही तिथेच यायची. शिवाय रिकाम्या बाथरूममध्ये आवाज घुमतो, माणूस आहे त्यापेक्षा भारदस्त वाटतो. कंत्राटदाराने कामगारांना खाली पिटाळलं, दार लावलं, आतून कडी घातली, खिडकीच्या चौकटीत प्लायवूडचा तुकडा अडकवला. एवढी सगळी तयारी केली, पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली नाही. त्याच सकाळी, सांडपाण्याचा नवा पाइप टाकायचा म्हणून, त्याने स्वतः उभं राहून त्या बाथरूमच्या मधोमध स्लॅब फोडून घेतला होता. प्लंबर नेहमीप्रमाणे 'आलोच' म्हणून गायब झाला होता. ताटलीएवढं भोक तसंच उघडं होतं. आणि त्याच्या बरोबर खाली, खालच्या बाथरूममध्ये, दादा उकिडवा बसून फरशी लावत होता.

दुसऱ्या कुणाचं सोडा, पण ज्याने ते भोक पाडून घेतलं त्यालाच त्याचा विसर पडावा! पण माणसाचं सगळं लक्ष दाराच्या कडीकडे असलं की पायाखालचं दिसत नाही.

मुलाखत बरी चालली होती. कंत्राटदार खिडकीपाशी भिंतीला टेकून हळू आवाजात उत्तरं देत होता. मग बाईंनी विचारलं, "तुमच्या हाताखालच्या एखाद्या अवघड माणसाविषयी सांगा. त्याला तुम्ही कसं हाताळलंत?"

घोडं तिथेच अडलं. हाताखालची माणसं म्हणजे काय, गवंडी दारू प्यायचा आणि सुतार उशिरा यायचा. त्यांना हाताळायचं म्हणजे ओरडायचं, नाहीतर गप्प बसायचं. साइट मॅनेजरला शोभेल असं काही सुचेना. आणि सुचेना म्हणताना एकाएकी सुचलं. गेल्या वर्षीचं ते स्वयंपाकघर.

"आमच्याकडे एक वयस्कर टाइल मिस्त्री आहे," तो खिडकीपाशीच, दबक्या आवाजात म्हणाला. "जुन्या ओळखीतला. कुणीतरी चिकटवून दिलेला."

असं म्हणताना त्याने खिडकीतला प्लायवूडचा तुकडा उगाचच घट्ट केला. पण बाई "अच्छा?" म्हणाल्या, आणि त्या 'अच्छा'ने त्याला पुढे ढकललं. तो बोलत बोलत खिडकीपासून निघाला आणि खोलीच्या मधोमध आला. आवाज घुमू लागला, तसा तो चढूही लागला.

"नजर गेलीय त्याची, पण कबूल करणार नाही! चष्मा लाव म्हटलं की म्हणतो, माझ्या बोटांना दिसतं. हटवादी माणूस! एका स्वयंपाकघरात अख्खी ओळ वाकडी लावली. मी स्पष्ट सांगितलं, हे चालायचं नाही. ओळ उखडून टाकली आणि त्याला तिथल्या तिथे बाजूला केला. आता बाथरूमची, कोपऱ्याकापऱ्याची कामं देतो फक्त. दया दाखवून काम होत नसतं, मॅडम."

"छान हाताळलंत," बाई म्हणाल्या. "गुरुवारी आमचे मुख्य साहेब तुमच्याशी बोलतील. जेवणाच्या सुट्टीनंतर चालेल?"

"गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर मुलाखत. नक्की!" तो मोठ्याने म्हणाला.

फोन ठेवून त्याने सुस्कारा सोडला, जीव भांड्यात पडला असं म्हणत खाली पाहिलं, तर त्याच्या दोन पावलांमधून उजेड वर येत होता.

भोकातून खालची अर्धी लावलेली फरशी दिसत होती. ताणलेली दोरी दिसत होती. आणि चौकड्यांचं फडकं बांधलेलं एक डोकं, अगदी स्थिर. थापीचा आवाज येत नव्हता. मग थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला.

खरं काय होतं ते सांगायलाच हवं. ती ओळ वाकडी गेली होती हे खरं. पण ती या दोघांनी मिळून, शेजारी शेजारी गुडघ्यांवर बसून उखडली होती. गिऱ्हाइकाला धाकट्याने सांगितलं होतं की टाइलच खराब निघाल्या. दादाने तोंड फिरवून डोळे पुसले होते आणि म्हणाला होता, "माझ्यामुळे तुझं नाव खराब व्हायचं." तेव्हा धाकटा म्हणाला होता, "नाव दोघांचं आहे, दादा." हे खरं होतं, आणि मनापासून होतं. त्या आठवणीचा त्याने आता फोनवर असा चुराडा करून ठेवला होता. आपल्याच जिभेची त्याला किळस आली.

तो जिना उतरला. खाली दादा फरशीवर हलकेच ठोकत होता.

"चहा घेतलास का?" दादाने विचारलं.

"नाही."

"घे मग. थंड होतोय."

एवढंच. कंत्राटदाराने स्वतःची समजूत घातली की ऐकलं नसेल. कटर चालू असेल. फडकं कानावर असेल. ओली फरशी थोपटताना माणसाचं लक्ष कुठे असतं? दिवसभर त्याने स्वतःला असं थोपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा चष्मा लावून आला.

काळ्या जाड फ्रेमचा, नवा कोरा चष्मा. कामगारांना आयतीच करमणूक मिळाली. "दादा मास्तर झाले! आता छड्या बसणार!" रंगारी ओरडला. दादाही हसला. "काय करणार बाबा," तो म्हणाला, "नजर गेली म्हणतात लोक. माझी बोटं आंधळी निघाली." तो कंत्राटदाराकडे न बघता बोलला. कंत्राटदार दारापाशी वाळूच्या पोत्यावर हात ठेवून उभा होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कितीतरी वर्षं सगळं घर या माणसाच्या मागे लागलं होतं, बायको, मुलं, डॉक्टर, आणि तो कुणाला बधला नव्हता. आणि आता एका रात्रीत चष्मा नाकावर आला होता.

त्या दिवसापासून दादा प्रत्येक ओळीनंतर त्याला हाक मारू लागला. "साहेब, जरा बघून घे रे. सरळ आहे ना?" ओळ सरळच असायची. पूर्वी दादाने कुणाला लेव्हल पट्टी लावू दिली नव्हती, धाकट्यालाही नाही. आता तो पट्टी स्वतःच पुढे करायचा. धाकटा खाली वाकून पट्टीतला बुडबुडा बघायचा, "सरळ आहे," म्हणायचा, आणि मान वर करायला त्याला वेळ लागायचा.

सांगून टाकावं असं त्याला शंभरदा वाटलं. पण काय सांगणार? पाया पडायचं म्हटलं तर नक्की कशासाठी ते शब्दांत धरावं लागतं. बायकोलाही त्याने यातलं काही सांगितलं नाही. "मुलाखत कशी झाली?" तिने विचारलं. "चांगली झाली," तो म्हणाला, आणि तेच तर दुखत होतं.

गुरुवार उजाडला. जेवणं झाली. एरवी पोटात घास गेला की लगेच कटर सुरू व्हायचं, पण त्या दिवशी दादाने त्याची वायरच काढून गुंडाळून ठेवली.

"आज जरा सुट्टी लांबवा रे," तो सगळ्यांना म्हणाला. "मागच्या अंगणात सावलीत बसा. मी बोलावतो तेव्हा या. आणि आरडाओरडा नको."

गवंडी, सुतार, रंगारी चकित होऊन निघून गेले. अर्धवट सोललेल्या त्या घरात अशी शांतता काम सुरू झाल्यापासून कधी पडली नव्हती. कंत्राटदार जिन्याच्या पायथ्याशी उभा होता. दादाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. खालच्या बाथरूमच्या कोपऱ्यात जाऊन तो फरशीच्या फटींत भरायचं ग्राउट कालवत बसला.

वर जाऊन कंत्राटदाराने दार लावलं, आणि त्याची पहिली नजर भोकाकडे गेली. भोक बंद होतं. कुणीतरी सिमेंटची रिकामी गोणी वळकटी करून त्यात ठासून बसवली होती. फटीफटींतून चौकड्यांचं फडकं कोंबलं होतं आणि कडेने प्लास्टर फिरवलं होतं. असा सफाईदार बोळा त्या घरात एकच माणूस बसवू शकत होता.

दादाला वेळ कळली होती, कारण त्याने ती ऐकली होती. आणि ज्याच्या तोंडून ऐकली त्याला आज मोकळेपणाने बोलता यावं म्हणून त्याने आपल्या डोक्याचं फडकं सोडून भोकात भरलं होतं. कंत्राटदार मटकन खाली बसला. फोन वाजत होता.

मुख्य साहेबांचा आवाज जाड आणि घाईचा होता. थोडं इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर ते म्हणाले, "तुमच्या त्या मिस्त्रीची गोष्ट बाईंनी सांगितली मला. आवडली. आमच्याकडे अशी जुनी माणसं बरीच आहेत, त्यांना बाजूला करणारा माणूस हवाच आहे. पुढे काय झालं त्याचं? काढलंत की नाही शेवटी?"

नोकरी अशी हातभर अंतरावर होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. समोर प्लास्टरमध्ये अजून ओले दिसणारे दादाच्या बोटांचे ठसे होते.

"नाही," कंत्राटदार म्हणाला. मग घसा खाकरून, त्या बोळ्याकडे तोंड करून, तो मोठ्याने बोलायला लागला. "तो माझा सख्खा भाऊ आहे, सर. मोठा भाऊ. वडिलांच्या जागी. त्याने मला शिकवलं. त्याची ओळ एकदा चुकली ती आम्ही दोघांनी मिळून सुधारली. त्याला मी बाजूला वगैरे काही केलं नाही. तो आहे म्हणून माझं काम आहे. मी खोटं बोललो."

"मग तेव्हा असं का सांगितलंत?"

"नोकरी हवी होती म्हणून."

"बरं," मुख्य साहेब म्हणाले. "आम्ही कळवू."

हे वाक्य कंत्राटदार स्वतः काम मागायला येणाऱ्यांना रोज ऐकवायचा, त्यामुळे त्याचा अर्थ त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नोकरी गेली. पण त्याला हलकं वाटत होतं. आपण चुकलो, पण फेडलं, असं काहीतरी त्याच्या मनात येत होतं. खाली ऐकू गेलं असेल, दादा आता वर बघत असेल, असं वाटून तो दोन दोन पायऱ्या उतरत खाली आला.

दादा कोपऱ्यात पाठमोरा बसून ग्राउट भरत होता. उघड्या डोक्यावरचे विरळ पांढरे केस पहिल्यांदाच कामाच्या जागी दिसत होते.

"झालं?" त्याने विचारलं. "एक शब्द खाली आला नाही बघ. बोळा झकास बसला." आणि या वेळी त्याच्या आवाजात कारागिराचा खरा आनंद होता.

कंत्राटदार तिथेच थिजला. वाईट बोलला तेव्हा भोक उघडं होतं. चांगलं बोलला ते सगळं त्या गोणीत अडकून राहिलं होतं. परक्या माणसाला घडाघडा सांगितलेलं आता त्याला इथे, दादाच्या तोंडावर, पुन्हा सांगायचं होतं.

"दादा," तो कसाबसा म्हणाला, "त्या दिवशी मी फोनवर..."

"ऐकलं मी थोडंफार," दादा थापी न थांबवता म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस. नजर गेलीच होती माझी, हटवादीही आहेच. भाऊ भावाबद्दल चिडून बोलतो कधी. मी काय तुझ्या वहिनीपाशी तुझ्या नावाने कमी खडे फोडतो? घरातलं माणूस आहे म्हणूनच बोलतो ना माणूस. नोकरीचं म्हणशील तर बायकापोरं आहेत तुला, जा खुशाल. मला आधी सांगितलं असतंस तर बरं वाटलं असतं, एवढंच."

आता काही न बोलता गप्प बसला असता तर निभावलं असतं. दादाने माफ करून टाकलं होतं, दार उघडून ठेवलं होतं. पण कंत्राटदाराला आपलं चांगलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचवायचंच होतं. माणसाला स्वतःचा चांगुलपणा झाकून ठेवणं फार जड जातं.

"तसं नाही, दादा. नोकरी नाही मिळणार आता. आज मी त्यांना सगळं खरं सांगितलं. म्हटलं, तो माझा सख्खा मोठा भाऊ आहे."

थापी थांबली.

दादा सावकाश वळला. नव्या चष्म्याच्या काचेवर ग्राउटचा थेंब उडाला होता. त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि हातातच ठेवला.

"म्हणजे परवा त्यांना ते ठाऊक नव्हतं?" त्याने विचारलं. "मग परवा मी कोण होतो?"

कंत्राटदार फरशीकडे बघत राहिला. ओळी एकदम सरळ होत्या. वयस्कर मिस्त्री, कुणीतरी चिकटवून दिलेला, हे शब्द खिडकीपाशी हळू आवाजात बोलले गेले होते आणि ते तेवढे खाली पोचले नव्हते. ते आता पोचले, आणि त्यानेच पोचवले.

मग दादा उठून स्टुलावर चढला, त्याने हात वर केला आणि बोळा ओढून काढला. प्लास्टरचा चुरा दोघांच्याही अंगावर पडला. फडकं त्याने झटकलं, पण डोक्याला बांधलं नाही, घडी करून पिशवीत ठेवलं.

"माणसांना बोलाव," तो म्हणाला. "कामाचा खोळंबा झाला."

कंत्राटदार अंगणाकडे निघाला. खिडकीच्या रिकाम्या चौकटीतून घराबाहेर उभी असलेली त्याची गाडी दिसत होती आणि दारावर आडनाव होतं, त्यापुढे 'बंधू'.